मेलेल्या मेंढरांची वजाबाकी

केंद्रप्रमुख काकासाहेब गोर्डे वस्तीवर आले तेव्हा राजाबाई एका मेंढीच्या अंगावर बसली होती. अगदी बसली नव्हती म्हणा, पण मेंढीची मान डाव्या गुडघ्याखाली, मागचे पाय दोन्ही हातांत, आणि सासरा कडूबा समोर उकिडवा बसून कातर चालवत होता. सकाळपासून सोळा मेंढरं भादरून झाली होती. लोकरीचा तेलकट वास तिच्या हाताला, पदराला, केसांत भरला होता. पोळा होऊन पंधरा दिवस झाले तरी पाण्याचा थेंब नव्हता, आणि भादव्याचं ऊन असं की मेंढरंसुद्धा कातरीची वाट बघत उभी होती.

काकासाहेबांनी मोटारसायकल बाभळीखाली लावली आणि नाकाला रुमाल लावला.

"बाई, ही शाळा हाय का मेंढवाडा?"

"शाळा कुडाच्या पल्याड हाय, साहेब. भरायला अजून घंटाभर हाय."

खरं तर शाळा आणि वाडा यांच्यात तेवढा एक कूडच होता. सरकारनं रुपनर वस्तीला वस्तीशाळा मंजूर केली, तिला रजिस्टर दिलं, फळा दिला आणि जागा द्यायची विसरून गेलं. मग कडूबानं चाऱ्याच्या सपरातला अर्धा भाग मोकळा करून दिला. सून बारावी शिकलेली, तर तीच बाई झाली. वस्तीवर शिकलेलं दुसरं होतंच कोण? राजाबाई जातीनं धनगर खरी, पण पडेगावची. बाप औरंगाबादेत गवंड्याच्या हाताखाली. लग्नाआधी तिनं मेंढी पाहिली ती दौलताबादच्या रस्त्यानं जाताना, लांबून. तीन वर्षांत ती दूध काढायला शिकली, भादरताना मेंढी धरायला शिकली. पण वस्तीचं सगळंच काही तिला अजून कळत नव्हतं, आणि ही पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

काकासाहेबांनी पिशवीतून कागद काढला. गेल्या महिन्यात गावातल्या शाळेचे रामकिसन सर येऊन चाचणी घेऊन गेले होते, तिचा निकाल होता.

"एकोणीसच्या एकोणीस पोरं अप्रगत. बाकी ठीक हाय, वाचन हाय, बेरीज हाय. वजाबाकी भोपळा. कोरे कागद! पोरांनी हातच लावला नाय."

"आसं कसं होईल, साहेब?"

"मला इचारता? वरून पेपर मुद्दाम तुमच्या लेकरांसाठी केलता. मेंढरांचीच गणितं घातली, त्यांच्या जगण्यातली. तरी येत नाय म्हणल्यावर काय बोलायचं?"

मग त्यांनी हुकूम सांगितला. महिन्यानं फेरचाचणी. वजाबाकी सुधारली नाही तर वस्तीशाळा बंद आणि पोरं खालच्या गावच्या शाळेत. गाव तीन किलोमीटर, मधी नदी, नदीनंतर उसाचे फड. पोरं गेली असती कशीबशी. पोरी एकही गेली नसती. एकोणिसात अकरा पोरी होत्या.

"आन एक कृतिसंशोधन लिहून द्या," काकासाहेब म्हणाले. "आपल्या वर्गातली अडचण धरायची, कारण शोधायचं, उपाय करून बघायचा आन लिहायचं. पाचोडला केंद्रशाळेत वाचायचं. घाबरू नका, रामकिसन सरांनी एक तयार दिलंय. शहरात झेरॉक्सवाल्याकडं मिळतंच. नाव बदला, वस्तीचं नाव घाला, झालं."

त्यांनी पिना मारलेला गठ्ठा पुढं केला. राजाबाईचे हात गुंतलेले, म्हणून तो त्यांनी सपराच्या खांबाच्या बेचक्यात खोचला आणि गेले. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं पुष्कळ असतात, यांनी निदान मोटारसायकलवरून तरी हाकल्या.

दुपारच्या सुट्टीत राजाबाईनं गठ्ठा वाचला. दुसऱ्याच पानावर होतं: 'सदर विद्यार्थी भटक्या मेंढपाळ कुटुंबातील असून पालक निरक्षर व उदासीन आहेत. विद्यार्थ्यांची आकलनशक्ती जात्याच कमी आहे.' तिचं डोकं फिरलं. उदासीन? ज्या माणसानं चाऱ्याचं सपर रिकामं करून दिलं आणि आपला कडबा उघड्यावर टाकला, तो उदासीन? तिनं गठ्ठा घरात नेला आणि सासूपुढं टाकला.

"आत्याबाई, चुलीला घाला."

आक्काबाईनं कागद उलटासुलटा केला. "कोरी बाजू हाय की मागं. पोरांला दे लिहायला."

"नको. जाळाच."

आक्काबाईनं जाळला. तिला कारण विचारायची सवय नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी राजाबाईनं कंबर कसली. पोरांना मेंढरांचं गणित येत नाही, तर मेंढरांचंच गणित घोटून घ्यायचं, असं तिनं ठरवलं. आणि लांबचा कुणी मेंढपाळ कशाला, वर्गातल्याच पोरांची नावं घालायची म्हणजे गोडी लागेल. हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तिनं मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहिलं: 'सरूच्या बापाकडे ४० मेंढ्या होत्या. लांडग्याने १२ खाल्ल्या. किती उरल्या?'

सरू तिसरीतली. नऊ वर्षांची, अंगानं काटकुळी, पण गणितात तिचा हात सगळ्यांत जलद. बेरजेला तिनं कधी बोटं मोडली नाहीत.

"सरू, मांड."

सरू पाटीकडं बघत बसली.

"अगं मांड की. चाळीसातून बारा."

सरूनं पाटी पालथी घातली. बाकीच्या पोरांनीही माना खाली घातल्या. राजाबाईनं गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. पोरगी ढिम्म. राजाबाईच्या डोळ्यांपुढं तो कोरा कागद, तो रुमाल, ते 'जात्याच कमी'. तिचा तोल गेला.

"ऊठ. बाहेर उन्हात जाय. कान धरून हुभी ऱ्हा. माझी शाळा बुडवायला निघालीस व्हय?"

सरू गेली आणि कान धरून उभी राहिली. रडली नाही. त्याचा राजाबाईला जास्तच राग आला. तिनं दुसऱ्या पोराला फळा वाचायला लावला, आणि तो खड्या आवाजात वाचू लागला, लांडग्याने बारा खाल्ल्या.

नेमकी तेव्हाच आक्काबाई डोक्यावर हंडा, काखेत कळशी घेऊन टँकरवरून येत होती. ती जागच्या जागी थांबली. कळशी खाली ठेवली, हंडा उतरवला आणि तशीच ओल्या पदरानं सपरात शिरली.

"काय म्हणला रं हे लेकरू? कुणाची खाल्ली लांडग्यानं?"

"आत्याबाई, गणित हाय ते."

"गणित? माझ्या दारात मेंढरं मारतीस व्हय गं फळ्यावर? आन तेबी नाव घेऊन, दुसऱ्याच्या धनाचं? आधीच आभाळानं डोळं वटारलेत, चारा नाय, आन तू लांडगा बोलावतीस? कानामागून आली आन तिखट झाली! शिकलेली सून म्हणून म्या गावभर मिरवलं तुला!"

पोरं तोंडाकडं बघत राहिली. सरू बाहेरून बघत होती. आक्काबाईनं जाताना तिचे कान तिच्याच हातांतून सोडवले आणि तिला घरी पाठवून दिलं. शाळेतल्या बाईनं दिलेली शिक्षा बाईच्याच सासूनं भर वर्गात मोडली. राजाबाईला धरणी दुभंगावी असं झालं.

आता पुढचं काय सांगावं! दुसऱ्या दिवशी उजाडताना वाड्यात एक मेंढी पोट फुगून आडवी पडलेली. गाभण होती. कडूबानं तोंड उघडून बघितलं, आदल्या दिवशी कुठं चारली ते बिरूला, राजाबाईच्या नवऱ्याला, विचारलं आणि मान हलवली. पाण्याविना करपलेल्या कोवळ्या ज्वारीत शिरली होती. किरळ लागली. दुष्काळात हे होतंच, जनावर विष खातं आणि रात्रीतून जातं.

कडूबा म्हणाला किरळ. वस्ती म्हणाली फळा.

त्या दिवशी शाळेत दोनच लेकरं आली, आणि त्यातलं एक राजाबाईच्याच भावकीतलं.

*

दोन दिवस राजाबाईशी घरात कुणी धड बोललं नाही. नवरा बिरू तसाही कमी बोलणारा. तो आकडी घेऊन बाभळी झोडायचा, पाला पाडायचा आणि मेंढरांमागं जायचा. रिकाम्या शाळेत बसून काय करायचं, म्हणून तिसऱ्या दिवशी राजाबाई त्याच्यासोबत माळावर गेली. पायाला दगड लागत होते, काटे मोडत होते. सरूही तिथंच होती, आपल्या बापाच्या मेंढरांमागं. तिनं बाईला बघितलं आणि तोंड फिरवलं.

दिवस कलला तशी मेंढरं परतली. वस्तीवर सगळ्यांची मेंढरं एकाच वाटेनं येतात आणि तिथं आपापल्या वाड्याला फुटतात. सरू वाड्याच्या तोंडाशी उभी राहिली. मेंढरं धुरळा उडवत, एकमेकांच्या अंगावर चढत, कशीही आत घुसत होती. राजाबाई मोजायला गेली आणि तेराच्या पुढं तिचा गोंधळ उडाला. सरूचे ओठसुद्धा हलत नव्हते. शेवटचं मेंढरू आत गेलं आणि ती बापाला म्हणाली, "तुटक्या कानाची नाय आली. आन तिच्या संगट ती दोन काळी."

बाप लगोलग माळाकडं पळाला. तीन मेंढरं नाल्यात अडकलेली सापडली.

राजाबाई तिथंच दगडावर बसली. ह्या पोरीला वजाबाकी येत नाही? एवढ्या कळपातून तीन गेल्याचं जिनं एका नजरेत ओळखलं, तिला मी उन्हात उभी केली? तिला स्वतःची अशी लाज वाटली की बस. तिनं बाभळीखाली पडलेल्या शेंगा ओंजळीत घेतल्या.

"सरू, इकडं ये. ह्या घे. त्रेपन्न शेंगा हायेत समज. सत्तावीस कोकराला घातल्या. किती ऱ्हायल्या?"

"सव्वीस," सरू म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही.

छापलेल्या पेपरातलं पहिलं गणित तेच होतं. फक्त तिथं त्रेपन्न मेंढ्या होत्या आणि सत्तावीस साथीत मेल्या होत्या.

राजाबाई घरी आली ती थेट चुलीपुढं. आक्काबाई भाकरी थापत होती.

"आत्याबाई, चुकलं माझं. पर मला उमजून सांगा. मेंढरांचं गणित पोरं कामून करत नाय?"

आक्काबाईनं भाकरी उलटली. मग म्हणाली, "धन कुणी मोजतं का? सांज झाली की तोंडं बघायची. सगळी तोंडं दिसली की देवाला हात जोडायचे. आकडा घ्यायचा नाय तोंडात. आन मेलं तर मुळीच नाय."

"ती मेंढी किरळीनं मेली, आत्याबाई. फळ्यानं नाय."

"किरळीनंच मेली! म्या काय येडी हाय? चाळीस वर्षं मेंढरात गेली माझी." आक्काबाईनं पीठ लागलेला हात तिच्यापुढं धरला. "आगं, ज्याचं धन जातं त्याला कुणी इचारतं का, किती ऱ्हायली म्हणून? ज्याच्या घरात माणूस गेलं त्याला इचारती का तू, आता किती उरले? ते इचारणंच वंगाळ. आमच्या लेकरांला आम्ही ते शिकवलंय. तुझ्या शाळेनं ते मोडायचं ठरवलं तर आम्ही काय करावं?"

पडेगावात कुणी मेंढ्या पाळत नव्हतं, पण एवढं तर तिथंही कळत होतं.

*

मग तिनं कृतिसंशोधन सुरू केलं, झेरॉक्सवाल्याचं नव्हे, स्वतःचं.

आधी घरोघरी जाऊन पोरं मागून आणली. सरूच्या बापापुढं हात जोडले. तो म्हणाला, "बाई, तुमी हात जोडू नका, नुसतं अभद्र बोलू नका." पोरं आली. तिनं सरूला सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या दिशी चूक माझी होती, तुझी नव्हती." पोरं चकित झाली. बाईनं चूक कबूल करायची असते हे त्यांना नवीन होतं. खरं सांगायचं तर तिलाही नवीनच होतं.

बारा दिवस हे चाललं. रोज तीच पाच गणितं, वेगवेगळ्या वस्तूंनी. शेंगांची, गोट्यांची, भाकरींची, टँकरच्या हंड्यांची. मेंढीचं गणित तिनं पोरांना एकदाही दिलं नाही, चाचणीचे कोरे कागद होते तेवढे पुरे. वहीत रेघा मारून प्रत्येकाच्या नावापुढं खूण करायची. पहाटे शेणकूर, पाणी, भाकरी, मग शाळा, मग राहिलेली भादरणी, लोकर पोत्यात भरणं, आणि सांज व्हायच्या आत उंबऱ्यात बसून वही भरणं. लोकर भरून भरून तिची नखं काळी झाली होती आणि वहीच्या पानांना तेलकट डाग पडत होते. हंड्यांच्या वजाबाकीत एकोणीसपैकी सतरा पोरं बरोबर. भाकरीच्या वजाबाकीत अठरा. एकाला खरंच येत नव्हतं, त्याला तिनं वेगळं बसवून शिकवलं.

इकडं चारा संपत आला. दरसाल दिवाळीनंतर वस्ती मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरते, यंदा कडूबा आत्ताच निघायचं म्हणत होता. वस्ती निघाली म्हणजे पोरं निघाली, आणि पोरं नाहीत म्हणजे फेरचाचणी नाही, शाळा नाही.

"मामंजी, तेवढी चाचणी होऊ द्या."

"मेंढरांच्या बरगड्या दिसू राहिल्या, पोरी."

"आठ दिस."

कडूबानं आभाळाकडं बघितलं. "आठ म्हणजे आठ. नववा नाय." आणि दुसऱ्या दिवसापासून साठाव्या वर्षी तो स्वतः बाभळीवर चढायला लागला. त्याचे हात काट्यांनी रक्ताळलेले असायचे. ते बघूनही राजाबाईनं माघार घेतली नाही.

पाचोडच्या केंद्रशाळेत तीस-पस्तीस शिक्षक जमले होते. राजाबाई वही घेऊन उभी राहिली आणि जसं घडलं तसं वाचलं, सरूला उन्हात उभं केल्यापासून. 'मेंढी मेली म्हणायचं नसतं' इथं आली आणि मागच्या बाकांवर हशा पिकला.

"नाचता येईना आंगण वाकडं," रामकिसन सर म्हणाले. "पोरांला येईना, तर म्हणं मेंढी मेली!"

काकासाहेबांनी हसू आवरलं. "बाई, ही अंधश्रद्धा झाली. संशोधनात अंधश्रद्धा लिहीत नसतात. तुमाला तयार दिलतं ना?"

"ते जाळलं, साहेब."

"जाळलं?"

"तुमी म्हणले कारण शोधा. म्या शोधलं, सापडलं. आधीच छापलेलं कारण पायजे होतं तर शोधा कामून म्हणले?"

वस्तीशाळेची मानधनावरची बाई केंद्रप्रमुखाला भर सभेत असं बोलली, हे कुणी ऐकलं नव्हतं. काकासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला.

"गुरुवारी येतो फेरचाचणीला. पेपर तोच राहील. एक शब्द बदलणार नाय. मग बघू तुमचं संशोधन."

*

बुधवारी जेवताना बिरूनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "पोरांला सांग ना, उद्या एक दिस लिहून टाका म्हणावं. सव्वीस आकडा तर माहीतच हाय. शाळा वाचंल."

त्याचं खोटं नव्हतं. तिनं सांगितलं असतं तर पोरांनी लिहिलंही असतं, आता ती बाईचं ऐकत होती. आक्काबाईनं ताटातला घास थांबवून सुनेकडं बघितलं.

"नाय सांगणार," राजाबाई म्हणाली. "एकदा त्या पोरीला उन्हात हुभं केलंय म्या. आता साहेबाला खूश करायला पुन्यांदा नाय करणार. शाळा गेली तर गेली."

"गेली तर गेली म्हणं," आक्काबाई पुटपुटली. पण तिनं सुनेच्या ताटात आपल्या वाटची अर्धी भाकर मोडून टाकली.

गुरुवारी काकासाहेब आले, मागं रामकिसन सर. कुडाला लागून सगळी वस्ती उभी राहिली. पडशा भरलेल्या, घोड्यांवर बिऱ्हाड लादायची तयारी झालेली, सगळे चाचणी संपायची वाट बघत होते. काकासाहेबांनी पेपर वाटले. पहिलं गणित स्वतः फळ्यावर मोठ्यानं वाचत लिहिलं: एका मेंढपाळाकडे ५३ मेंढ्या होत्या. साथीत २७ मेल्या. किती उरल्या?

एकोणीस पोरं खाली मान घालून बसली. एक पेन्सिल हलली नाही. काकासाहेबांनी दहा मिनिटं वाट बघितली आणि खिशातून फॉर्म काढला.

"झालं? बघितलं ना सगळ्यांनी? कोरं. मी काय मनानं लिहीत नाय."

राजाबाई उठली. तिनं खडू घेतला.

"साहेब, लेकरं किती तुमाला?"

"तीन. कामून?"

तिनं त्यांच्याच गणिताखाली लिहिलं आणि लिहिता लिहिता वाचलं. "काकासाहेबांना तीन लेकरं होती. साथीत एक..."

खडू तिथं अडला. पुढचा शब्द लिहिणं तिलाही जड गेलं. तरी तिनं तो लिहिला.

"मेलं. किती उरली? मांडा, साहेब. पहिलीतल्या पोराला येती ही वजाबाकी."

"जीभ झडंल तुमची!" काकासाहेब ओरडले आणि एका झेपेत फळ्यापाशी आले. डस्टर समोर होतं, ते त्यांना दिसलंच नाही. त्यांनी हातानं, शर्टाच्या बाहीनं, सगळं खसाखसा पुसून काढलं. त्यांचं स्वतःचं गणितसुद्धा त्यात पुसलं गेलं. रामकिसन सर "बाई, तुमी... बाई, हे..." करत राहिले.

कुडामागून आक्काबाईचा आवाज आला. "घ्या! साहेबाला बी वजाबाकी येत नाय."

कुणीतरी हसलं. आक्काबाई हसली नाही. ती आत आली आणि काकासाहेबांच्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून तिनं कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "तिन्ही लेकरं सुखात ऱ्हाऊ दे बाबा तुझी. सूनबाई बोलली ते देवानं ऐकलं नसंल."

काकासाहेब खुर्चीवर बसले. बाही पांढरी झाली होती, कपाळाला घाम होता.

"बोलू नये ते बोलले, साहेब. माफी मागते," राजाबाई म्हणाली. "पर तुमी आत्ता जे केलं तेच माझी पोरं करतात. त्यांला फळा पुसायची मुभा नाय, म्हणून पाटी पालथी घालतात."

काकासाहेबांनी बाही झटकली आणि ते म्हणाले, "भाकरीचं सांगतो. त्रेपन्न भाकरी केल्या..."

"सव्वीस!" सगळी पोरं एकदम ओरडली.

"आरं, पुढं तर ऐका!"

मग त्यांनी आकडे बदलले. भाकरी, हंडे, शेंगा, एस्टीतली माणसं. पोरं पाटीवर लिहीत होती, काही तर पाटीआधी तोंडानं सांगत होती. एका गणितात काकासाहेबांचंच उत्तर चुकलं आणि सरूनं ते सुधारलं. शेवटी त्यांनी पेन काढलं, फॉर्मवर एकोणिसांत अठरा प्रगत लिहिलं, सही केली आणि फॉर्म घडी घालून खिशात ठेवू लागले.

"झालं तुमच्या मनासारखं. वाचली शाळा."

वस्तीनं सुस्कारा सोडला. कडूबानं घोड्याचा दोर सोडायला हात घातला. राजाबाई तिथंच थांबली असती तर कुणी तिला काही म्हणालं नसतं.

"साहेब, फॉर्म काढा पुन्यांदा," राजाबाई म्हणाली. "एकोणीस अप्रगत होती, त्यातली अठरा प्रगत कशानं झाली, ते लिहिलं नाय तुमी."

"कारणाला जागा नाय हो फॉर्मात."

"मागची बाजू कोरी हाय."

"बाई, आता कशाला वाढवता? तुमची शाळा वाचली ना?"

"माझी वाचली. हाच पेपर तालुक्यातल्या किती वस्त्यांवर गेलाय, साहेब? तिथली पोरं आज कोरा कागद घेऊन बसली असतील. तुमच्या खिशातलं कारण त्यांला कोण सांगणार?"

ती मोटारसायकल आणि साहेबांच्या मधी उभी होती. तिच्या मागं आक्काबाई येऊन उभी राहिली, आक्काबाईच्या मागं सरूचा बाप. काकासाहेबांनी तिघांकडं बघितलं, खुर्चीवर परत बसून फॉर्म काढला आणि तो मांडीवर पालथा घातला.

"सांगा. काय लिहू?"

"लिहा. पोरांला वजाबाकी येती. इचारणाऱ्यांला इचारता येत नव्हतं."

पेन थांबलं. "इचारणारे कोण, आसं वरून इचारतील."

"नावं घाला की. पयलं माझं घाला, त्या पोरीला उन्हात म्या हुभं केलंय," राजाबाई म्हणाली. "आन त्याच्या खाली तुमचं."

तिचं नाव त्यांनी लिहिलं. मग पेन धरून तसेच बसले. राजाबाई वाटेतून हलली नाही.